गाठ न चालणारं घर

एक होतं नगर. लांब, समुद्रापलीकडे, सात टेकड्यांवर वसलेलं. रोम त्याचं नाव. त्या नगरात एक घर होतं, आणि त्या घरात गाठ चालत नसे. दोरीला नाही, पदराला नाही, चपलेच्या बंदाला नाही. का ते सांगते, जरा धीर धरा. ठकू, पाय पोटाशी घे, बाब्याला लागतोय.

तर त्या नगरात देव पुष्कळ, आणि पुजारी त्याहून पुष्कळ. एक पुजारी नुसता आभाळाकडे बघायचा, पाखरं कुठून कुठे गेली ते. सहा पुजारणी एक आग सांभाळायच्या, ती विझू द्यायची नाही म्हणजे नाही. आणि एक होता कोंबड्यांचा पुजारी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. झालं? बरं. त्याचं नाव विबियस. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात ना, फूल या बाजूला पडलं तर हो, त्या बाजूला पडलं तर नाही, तसा तिकडे कोंबड्यांचा कौल. राजाला लढाईला जायचं असलं, की विबियसने पिंजरा उघडायचा आणि दाणे टाकायचे. कोंबड्यांनी अधाशासारखे खाल्ले, चोचीतून सांडले, म्हणजे देव म्हणतो जा. तोंड फिरवलं, म्हणजे देव म्हणतो गप घरी बसा. विबियस काय दिसलं ते सांगायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो वीस वर्षं करत होता.

आणि सगळ्यांत मोठा पुजारी होता आभाळाच्या देवाचा. ज्युपिटर म्हणायचे त्या देवाला, वीज टाकणारा. आपला इंद्रच म्हणा ना. त्याच्या पुजाऱ्याचं नाव नोनियस. नावं मेली जिभेवर घोळत नाहीत, पण काय करता, तिकडची माणसं, तिकडची नावं.

या नोनियसचं सोवळं विचारू नका. आपल्या खापरपणजीचं सोवळं परवडलं. त्याने घोड्यावर बसायचं नाही. कच्चं मांस शिवायचं नाही. घेवड्याचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही. घराबाहेर डोक्यावरची टोकदार टोपी काढायची नाही. आपलं अंथरूण सोडून लागोपाठ तीन रात्री बाहेर राहायचं नाही. कुणी त्याला शपथ घालायची नाही. आणि अंगावर एकही गाठ नको. कपडा काट्याने टोचून अडकवायचा, बांधायचा नाही. यातलं एक जरी चुकलं, की संपलं, पुजारीपण गेलं.

आणि नवऱ्याला एवढे नियम म्हटल्यावर बायकोला सुटका आहे होय? तिचं नाव हेल्विया. ही गोष्ट खरी तिचीच. शिडीच्या तीन पायऱ्यांच्या वर तिने चढायचं नाही. नवऱ्याचा झगा तिनेच विणायचा, दुसऱ्या कुणाच्या हातचा चालत नसे. आता मागावर बसलं की धागा तुटतो. इतर बायका काय करतात? गाठ मारतात आणि पुढे जातात. हेल्वियाला गाठ मारता येत नसे. तिने चार बोटं मागे उसवायचं, नवा धागा जुन्याशेजारी निजवायचा आणि पुन्हा विणत यायचं. तीस वर्षं ती हे करत होती. कधीकधी तिला असा काही राग यायचा, की वाटायचं हा माग उचलावा आणि रस्त्यात फेकावा. पण मग ती पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची. नवरा बिचारा गरीब. "अगं, नियम आहे ना," एवढंच म्हणायचा.

एकदा काय झालं, राजाच्या मनात आलं, नदीपलीकडचं गाव घ्यावं. त्या गावाची मिठागरं होती, बरं का. पांढरंशुभ्र मीठ, डोंगरच्या डोंगर. राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने विबियसला सांगितलं, "लाव कौल."

विबियसने पिंजरा उघडला. दाणे टाकले. कोंबड्यांनी दाण्यांकडे पाहिलं आणि माना फिरवल्या.

"महाराज, जेवल्या नाहीत," विबियस म्हणाला.

राजा म्हणाला, "उद्या पुन्हा लाव. आणि रात्रभर त्यांना उपाशी ठेव."

विबियस म्हणाला, "तसं नाही चालायचं. उपाशी कोंबडी देवाचं सांगत नाही, पोटाचं सांगते." आणि त्याने त्यांना रोजच्यासारखं खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी दाणे टाकले. कोंबड्यांनी पायांनी दाणे उकरले, मागे उडवले, पण एक टिपला नाही. जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तर त्या पिंजऱ्याबाहेरच आल्या नाहीत. कोपऱ्यात राजाकडे पाठ करून बसल्या.

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणाला, "कोंबड्या काय करतात ते मला नको. बाहेर लोक जमलेत. त्यांना सांग, जेवल्या."

विबियस बाहेर गेला. सगळं नगर जमलं होतं. विबियस घाबरला होता. पण तो काय म्हणाला? मोठ्याने म्हणाला, "जेवल्या नाहीत."

मग काय. राजाने त्याच्या मुसक्या आवळल्या आणि हुकूम सोडला, याला कड्यावर न्या आणि खाली ढकला. त्या नगरात एक कडा होता, राजाच्या गुन्हेगारांना तिथून ढकलायचे. पण तिथलाही नियम होता, माणूस बांधलेला असल्याशिवाय ढकलायचा नाही.

शिपाई निघाले. मध्ये विबियस, हात पाठीमागे करकचून बांधलेले. कड्याचा रस्ता हेल्वियाच्या दारावरून जायचा. एरवी शिपाई बांधलेला माणूस त्या रस्त्याने नेत नसत, मागच्या गल्लीने वळसा घालून नेत. का, ते त्यांच्या बापजाद्यांनी सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी राजाने घाई केली होती. शिपाई म्हणाले, कुठे वळसा घालता, चला सरळ. चूक झाली ती इथे झाली.

हेल्विया दारात लोकर पिंजत बसली होती. तिने मान वर केली. विबियसला ती ओळखत होती, सणासुदीला देवळात भेटायचा, भला माणूस. त्याचे हात पाहिले. हाताची बोटं निळी पडली होती. आणि तिला राग आला. साधासुधा नाही. तीस वर्षांचा राग होता तो.

तिला एक नियम आठवला. तिच्या सासूने लग्नाच्या दिवशी सांगितलेला, कुणी कधी न वापरलेला. बांधलेला माणूस या घरात आला, तर त्याला मोकळा करायचा, आणि त्याची दोरी छपरातल्या झरोक्यातून रस्त्यात फेकायची. बस.

ती उठली. लोकर मांडीवरून खाली पडली. शिपायांच्या मधोमध शिरली, विबियसच्या झग्याची चुण्याचुण्यांची बाही धरली आणि म्हणाली, "विबियस, आत ये."

शिपायांना काही कळेपर्यंत तो उंबऱ्याच्या आत होता. आणि मग काय झालं माहीत आहे? कुणी हात लावला नाही, कुणी सुरी चालवली नाही. विबियसच्या मनगटावरची गाठ आपली आपण सैल झाली, एक वेढा सुटला, दुसरा सुटला, आणि दोरी त्याच्या पायाशी जमिनीवर पडली. हेल्विया बघतच राहिली. तिला वाटलं होतं आपल्याला सोडावी लागेल. त्या घरात गाठ चालत नाही म्हणजे खरोखरच चालत नाही, हे तिला तरी कुठे माहीत होतं.

नोनियस आतून आला. दोरी पाहिली, माणूस पाहिला, दारातले शिपाई पाहिले. चेहरा पांढराफटक. "अगं, काय केलंस हे?"

"नियम आहे ना," हेल्विया म्हणाली. "आजवर नियमांनी आपल्याला बांधून ठेवलं. आज ते कुणाला तरी सोडवू देत."

आता दोरी झरोक्यातून फेकायची होती. हेल्वियाला तीन पायऱ्यांच्या वर चढायची बंदी, आणि नोनियस शिपायांवरून नजर काढेना. मग विबियसच शिडीवर चढला. आपल्याच हाताची दोरी त्याने झरोक्यातून बाहेर टाकली, आणि ती पडली नेमकी शिपायांच्या नाईकाच्या डोक्यावर. रस्त्यातली एक भाजीवाली खुसकन हसली. नाईकाने मागे वळून पाहिलं तर ती भाजी निवडत होती.

देवाच्या पुजाऱ्याच्या घरात शिरायची शिपायांची छाती झाली नाही, ते राजाकडे गेले. राजा म्हणाला, घराला वेढा घाला. पाणी नाही, लाकूड नाही, भाकरी नाही. बघू किती दिवस तग धरतात. पण त्या घराच्या चौकात झरोक्याखाली टाकं होतं, आभाळाचं पाणी त्यात साठायचं. त्याला कोण पहारा घालणार? आणि भाकरीचं म्हणाल, तर शेजारची छपरं एकमेकींना लागून होती. सकाळी झरोक्यातून धपकन काहीतरी पडायचं. बघावं तर भाकरी. दुपारी धपकन, तर चीज. एकदा तर विबियसच्या कपाळावर अख्खा कांदा पडला. टेंगूळ आलं, पण तो म्हणाला, गोड लागला.

मग राजाने दुसरी युक्ती केली. आपला कारभारी पाठवला. हा कारभारी तोंडाचा मोठा गोड. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "नोनियस, राजाचा तुमच्यावर फार लोभ आहे. समुद्राकाठच्या देवळात मोठी पूजा आहे. तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. पाच दिवसांचं काम. आत्ताच निघा."

नोनियसने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. देवाला नाही, बायकोला नाही, आणि राजाला तर नाहीच नाही. हेल्वियाने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा आता हो म्हणणार. पण पहिल्यांदाच तिने त्याला आपणहून बोलू दिलं.

नोनियस म्हणाला, "कारभारी, तीन रात्री माझं अंथरूण रिकामं राहिलं, तर मी पुजारी उरत नाही. मी पुजारी नाही, म्हणजे हे घर नुसतं घर. मग तुम्ही या माणसाला बाहेर ओढणार. होय ना?"

कारभारी घाईघाईने म्हणाला, "असं कसं म्हणता? बरं, मग शपथेवर सांगा, की तुम्ही राजाच्या विरुद्ध नाही."

"मला कुणाला शपथ घालता येत नाही," नोनियस म्हणाला. "आणि घालता आली असती, तरी ती शपथ मी घेतली नसती. मी येत नाही. सांगा राजाला."

हेल्वियाचे डोळे भरून आले. तिने त्याची टोपी सरळ केली. तीस वर्षांत त्याच्यावर एवढी माया तिला आली नव्हती, खरं ते सांगते. बायकोला नवऱ्याचा अभिमान वाटावा असे दिवस थोडे असतात.

बाब्या, झोपलास? नाही ना? मग ऐक. आता राजा स्वतः येतोय.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी राजा निघाला. आणि कसा निघाला, लढाईला जावं तसा. छातीवर पितळेचं चिलखत, बाजूला चामड्याचे बंद. कमरेला पट्टा, पट्ट्याला तलवार. पायात पोटऱ्यांपर्यंत वेढे घातलेल्या चपला. खांद्यावर जांभळा शेला. कपाळावर राजेपणाची पांढरी फीत, मागे गाठ मारलेली. पुढे बारा शिपाई, प्रत्येकाच्या खांद्यावर छड्यांची मोळी, लाल वादीने बांधलेली. त्या छड्या म्हणजे राजाचा धाक. ती मोळी दिसली, की लोक रस्ता सोडायचे. आज लोकांनी रस्ता सोडला, पण घरी कुणी गेलं नाही. सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले.

हेल्विया उंबऱ्यावर उभी राहिली. आता खोटं कशाला सांगू, ती घाबरली होती. पण उंबऱ्यावरून हलली नाही.

"बाजूला हो," राजा म्हणाला.

"महाराज, तुम्हाला अडवायला माझ्याकडे काही नाही," हेल्विया म्हणाली. "पण सांगून ठेवते. या उंबऱ्याच्या आत गाठ टिकत नाही. अंगावर काय काय बांधलंय, ते एकदा आठवा आणि मग पाऊल टाका."

"ते नियम तुझ्या नवऱ्याला," राजा म्हणाला. "मी राजा आहे."

"देवाच्या दारात तेवढं पुरत नाही," हेल्विया म्हणाली, आणि बाजूला झाली. तिने सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं. ऐकलं नाही तर ती काय करणार?

पुढचे शिपाई आत घुसले, मागून राजा. आणि पहिली मोळी सुटली. खळ्ळकन छड्या जमिनीवर. मग दुसरी, मग तिसरी, बाराच्या बारा मोळ्या सुटल्या आणि चौकभर छड्याच छड्या. शिपाई त्यांच्यावरून घसरायला लागले. मग त्यांचे पट्टे सुटले. मग चपला. राजा ओरडला, "काय चाललंय हे?" आणि तेवढ्यात त्याच्या चिलखताचे बंद सुटले. धाण्णकन चिलखत पायावर. पट्टा सुटला, तलवार टाक्यात बुडाली. शेला घसरला. चपलांचे वेढे उलगडले. कपाळावरची फीत हळूच नाकावर आली आणि खाली पडली. सगळ्यात शेवटी राजाच्या कमरेच्या आतल्या कापडाची गाठ सुटली. राजाने दोन्ही हातांनी ते कापड गच्च धरलं म्हणून बरं.

हसा, हसा. पण फार मोठ्याने नको, शेजारी झोपलेत.

राजा एका हाताने गाठ मारायला जाई, ती पुन्हा सुटे. पुन्हा मारी, पुन्हा सुटे. शेवटी तसाच, दोन्ही हातांनी कापड धरून, अनवाणी रस्त्यावर आला. मागून बारा शिपाई, बाराही जण आपापलं कापड धरून. रस्त्यावर सगळं नगर उभं. एकही जण हसला नाही. हसण्यापेक्षा ते वाईट होतं.

आणि आता हेल्वियाने काय केलं, ते नीट ऐका. तिला गप्प बसता आलं असतं. विबियस आत सुरक्षित होता. पण जन्मभर कुणी एका घरात लपून राहायचं? तिने विबियसकडे पाहिलं. विबियसने मान हलवली. मग तिने त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन उंबरा ओलांडून रस्त्यावर आली. नोनियस तिच्या मागे आला.

रस्त्यात विबियसची दोरी अजून तशीच पडली होती. हेल्वियाने ती उचलली आणि राजासमोर धरली.

"महाराज, हा रस्ता आहे. इथे गाठ बसते. हा माणूस खरं बोलला म्हणून तुम्हाला तो मारायचाय ना? घ्या. बांधा."

राजा नाईकाला म्हणाला, "बांध त्याला."

नाईक म्हणाला, "महाराज, हात मोकळे नाहीत." आणि त्याने आपलं कापड आणखी घट्ट धरलं. खरं तर रस्त्यावर गाठ बसत होती, त्याने आपल्या कापडाला मारली असती तर बसली असती. पण त्याने मारली नाही. बारा शिपायांपैकी एकानेही मारली नाही. सगळे आपापलं कापड धरून जमिनीकडे बघत उभे राहिले.

राजाने लोकांकडे पाहिलं. "कोण बांधतंय?" कुणी पुढे आलं नाही. भाजीवाली नाही, लोहार नाही, कारभारीसुद्धा नाही. कारभारी तर लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

"मग तुम्हीच बांधा," हेल्विया म्हणाली. "माणूस मारायचा म्हणजे एवढे कष्ट घ्यायला नकोत?"

राजाने उजवा हात सोडला. कापड एकीकडून घसरलं. त्याने घाईने धरलं. डावा सोडला. कापड दुसरीकडून घसरलं. आपल्याच कापडाला गाठ मारायची, तर सगळ्यांसमोर आधी ते सोडावं लागणार. दोरी समोर होती, माणूस समोर होता, पण त्या राजाला एक साधी गाठ मारता येत नव्हती.

हेल्वियाने वाट पाहिली. तिला आता भीती वाटत नव्हती.

मग ती म्हणाली, "कोंबड्यांनी काय कौल दिला, ते तुम्ही तीन दिवस डोळ्यांनी पाहिलंत. तेवढं एकदा लोकांना सांगा आणि घरी जा. आम्ही माना वळवतो."

राजाने मान खाली घातली. मग पुटपुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू नाही आलं." राजाने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाला, "जेवल्या नाहीत."

झालं. राजाच्याच तोंडून सगळ्या नगराने ऐकलं. आता लढाई नाही, आणि विबियसने गुन्हा केलाच नाही, तर कड्यावर कोण कशाला जाईल? लोकांनी माना वळवल्या, दिलेला शब्द पाळला, आणि राजा घरी गेला. विबियस मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. हेल्विया त्याच्या शेजारी बसली. तीही रडली. नोनियस दोघांकडे बघत उभा राहिला आणि शेवटी त्यालाही रडू आलं.

नदीपलीकडच्या गावाने सगळ्या नगराला पुरेल एवढं मीठ पाठवलं, आपणहून. राजा पुढे शहाणा झाला म्हणतात. किती झाला, ते मला ठाऊक नाही. विबियस म्हातारा होईपर्यंत काय दिसलं तेच सांगत राहिला. हेल्विया आणि नोनियस आपल्या घरात सुखाने राहिले, आणि सगळं नगर सुखाने राहिलं.

संपली गोष्ट. आता पुढे काय झालं विचाराल तर मार खाल. ठकू, उशी सरळ कर. बाब्या, डोळे मीट. झोपा.